भोपळ्यात खोवलेले स्क्रू

बुलढाणा जिल्ह्यात माझ्या मावसाजींइतका भित्रा माणूस दुसरा झाला नाही, हे मी छाती ठोकून सांगू शकतो. त्यांच्यासमोर मात्र मला छाती ठोकता आली नसती. "हळू बापू, अंदर काळीज आहे," असं म्हणून त्यांनी माझा हात धरला असता. मोताळ्याच्या कडेला त्यांचा भाजीपाल्याचा लहानसा मळा होता. मळ्यात विहीर होती, पण तिच्यात डोकावायची त्यांची हिंमत नव्हती. पाणी किती उरलं हे ते दुरून खडा टाकून, आवाजावरून ठरवत. गोठ्यात शिरण्याआधी तीनदा खाकरत आणि सापांना उद्देशून आदराने सांगत, "मी येऊन राह्यलो हो, तुम्ही निंगा आता." साप निघत की नाही ते ठाऊक नाही, म्हैस मात्र दर वेळी उठून उभी राहायची. पोस्टमनची सायकल दिसली की तार आली असेल या धास्तीने ते मिरचीच्या वाफ्यात खाली बसत. एकदा असेच बसले आणि आतूनच ओरडले, "घरी कोणी नाही!" पोस्टमन म्हणाला, "कोणी नाही, मंग बोलून कोण राह्यलं?" "सालदार गडी," मावसाजी म्हणाले. "बरं मंग सालदारभाऊ, मालकीणबाईच्या भाच्याचं कार्ड आहे. पास झाला म्हणते." त्याबरोबर हे सालदारभाऊ मिरच्या तुडवत बाहेर आले आणि ते कार्ड त्या दिवशी त्यांनी आठवडी बाजारात ओळखीच्या प्रत्येक माणसाला वाचून दाखवलं. तो भाचा मी. आमच्या घराण्यात सातवीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं, आणि मी अमरावतीला कॉलेजात होतो. माझ्या वडिलांना याचा अभिमान होता. मावसाजींना अभिमानही होता आणि भीतीही. "इतकं शिकून राह्यला, डोक्यावर भार त नाही ना पडत?" असं ते मावशीला विचारायचे.

अशा माणसाच्या गोठ्यात म्हशीशेजारी एक मोटारसायकल होती, हे सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. ती लढाईच्या काळातली, हिरव्या रंगाची, म्हशीहून थोडीच कमी वजनाची होती. बदली होऊन गेलेले एक डॉक्टरसाहेब ती तिथे ठेवून गेले होते. "पुढच्या महिन्यात येऊन नेतो," असं म्हणाले आणि नऊ वर्षांत आले नाहीत. दुसऱ्या कोणी ती विकली असती, नाहीतर भंगारात तरी घातली असती. मावसाजींनी मात्र नऊ वर्षं एकच भीती जपली, की साहेब अचानक दारात उभे राहतील, किक मारतील आणि गाडी सुरू होणार नाही. "दुसऱ्याची अमानत आहे. काय तोंड दाखवू मी?" म्हणून दर रविवारी ते गाडी पुसत, सुरू करत, मळ्यापासून बाजारापर्यंत चालवत नेत आणि परत आणत. चालवत म्हणजे दोन्ही पाय जमिनीवर घासत. त्यांच्या पुढून कोंबड्या निवांत रस्ता ओलांडायच्या. मागच्या सीटवर त्यांनी कधी कोणाला बसवलं नाही. "माह्याच जिवाचं ठिकाण नाही, दुसऱ्याचा कुठी घेऊ?"

दोन-तीन महिन्यांनी एकदा ते इंजिनाच्या उजव्या बाजूचं मोठं कव्हर उघडत. आत दात्यांची चाकं होती, ती तेलात फिरत. ती झिजली तर नाहीत ना, ही भीती. उघडणं सोपं होतं. बसवणं हा सोहळा होता. जुनी गाडी, कव्हर ॲल्युमिनियमचं, कडा नाजूक. जरा तिरकं बसलं की फटीतून सगळं तेल वाहून जायचं आणि तेल गेलं की इंजिन जाम. ते कॅलेंडरच्या जाड पुठ्ठ्याचं पॅकिंग कातरत, त्याला तेल लावत, कव्हर टेकवत आणि कान लावून ऐकत. टेकलं नाही तर दाबत नसत. "कव्हर बसत नसन त समजायचं, अंदर कोणीतरी नाराज आहे. नाराज माणसाले दाबत नसतेत बापू, इचारतात." अकरा स्क्रू होते, आणि सगळे एका लांबीचे नव्हते. ते एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मावसाजींनी स्वतःची युक्ती काढली होती. मळ्यातला एक लाल भोपळा मधोमध चिरायचा, त्याच्या सपाट भागावर कोळशाने कव्हराचा आकार काढायचा आणि जो स्क्रू जिथून निघाला, तिथे तो भोपळ्यात खोवायचा. भोपळा धरून ठेवतो, गडगडत नाही, आणि काम झालं की म्हशीला घालता येतो.

माझा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा पहिला पेपर होता त्याच्या आदल्या दिवसाची ही गोष्ट. अभ्यासाच्या सुट्टीसाठी मी मावशीकडे आलो होतो. सकाळी आठच्या बसने नांदुरा, तिथून दुपारी अडीचची आगगाडी पकडून रात्रीपर्यंत अमरावती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर, असा हिशेब होता. मी ट्रंक उचलली, देवाला हात जोडले, उंबऱ्यात पाय ठेवला आणि आत मिरच्या भाजणारी मावशी सणसणीत शिंकली.

"थांब!" मावसाजींनी माझी ट्रंकच धरली. "शिंक झाली. बस. पाणी पी."

"मावसाजी, बस जाईल."

"जात नाही. परीक्षेले चालला तू, काही बाजाराले नाही. बस अदुगर."

मी बसलो, पाणी प्यायलो. मावशीला दुसरी शिंक आली. पुन्हा बसलो, पुन्हा पाणी प्यायलो. तिसरी शिंक येऊन गेली आणि आम्ही फाट्यावर पोचलो, तेव्हा बसची फक्त धूळ दिसत होती. पुढची बस संध्याकाळी. चार वर्षं वडिलांनी माझ्यासाठी काय काय सोसलं, ते सगळं त्या धुळीत बसल्यासारखं वाटलं. माझ्या तोंडाकडे मावसाजींनी एकदाच पाहिलं आणि ट्रंक डोक्यावर घेऊन ते गोठ्याकडे चालू लागले. त्या दिवशी ते आत शिरताना खाकरायचंही विसरले.

मोटारसायकलचं कव्हर आदल्या दिवशीच उघडलेलं होतं. मावसाजींनी भोपळा ठेवला होता त्या कोनाड्याकडे पाहिलं. कोनाडा रिकामा होता. "अवो," त्यांनी हाक मारली, "कोहळं कुठी गेलं?"

"पोराच्या शिदोरीले पुऱ्या केल्या ना त्याच्या," मावशी पदराला हात पुसत म्हणाली. "तुमचे खिळे काढून धुऊन ठेवले वाटीत. तेलानं किती माखले होते!"

अकरा स्क्रू वाटीत स्वच्छ चमकत होते. आठवेल तसे मावसाजींनी ते लावले. कव्हर बसलं नाही. पुढच्या खालच्या कोपऱ्यात पोस्टकार्ड सहज आत जाईल एवढी फट राहिली. त्यांनी सगळे काढून अदलाबदल केली. फट आता मागच्या कोपऱ्यात गेली. ऊन चढत होतं. एवढ्यात शेजारचे पिठाच्या गिरणीवाले भाऊ हातोडा घेऊन आले. भीती म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं, त्यामुळे त्यांच्या गिरणीचा एकही भाग मूळ आकारात राहिला नव्हता.

"काऊन इतके भेऊन राह्यले भाऊ? सरका बाजूले. एक ठोका देतो, बसते कसं नाही!"

मला ते पटलं. आज सांगायला लाज वाटते, पण मी म्हणालो, "मावसाजी, ठोकू द्या ना एकदाचं. माझी गाडी जाईल."

मावसाजी कव्हरावर दोन्ही हात ठेवून बसले, पिल्लावर कोंबडी बसावी तसे. "नाही," ते म्हणाले. "फुटलं त साहेबाले मी हात जोडीन. पण बापू, फुटलं त तुले कोण नेईन?"

मग त्यांनी मावशीचा नवा झाडू मागवला. झाडू म्हणजे लक्ष्मी, तिची काडी मोडायची म्हणजे पाप. ते आधी झाडूच्या पाया पडले, "पोराच्या परीक्षेसाठी मोडून राह्यलो," असं तिला सांगितलं आणि काड्या उपसल्या. कव्हर टेकवून एकेका भोकातून काडी अगदी तळापर्यंत घालायची, बाहेर उरलेली कव्हराशी मोडायची, मग वाटीतला प्रत्येक स्क्रू तिच्याशी लावून पाहायचा. पुढच्या खालच्या भोकात काडी जेमतेम अर्धीच गेली. "हा पाह्य नाराज माणूस," ते हळूच म्हणाले. त्या भोकात आधी लांब स्क्रू घातला होता. तो तळाला जाऊन अडला होता, म्हणून कितीही पिळला तरी कव्हर ओढलं जात नव्हतं. अकराही स्क्रू त्यांनी हाताने अर्धवट लावले आणि दूर होऊन एक डोळा मिटून पाहिलं. सगळ्यांची डोकी सारखी वर आलेली होती. मग पेचकस घेऊन पंगतीत वाढतात तसं, प्रत्येकाला थोडं थोडं, पुन्हा पहिल्यापासून थोडं थोडं. फट मिटली. गिरणीवाले भाऊ हातोडा मागे लपवत म्हणाले, "बसलं बुवा."

बाराला किक लागली. मावशीने शिदोरी माझ्या मांडीवर ठेवली आणि नवऱ्याला विचारलं, "तुमाले येते ना इतक्या दूर चालवता?"

"आज आलं पाहिजे," मावसाजी म्हणाले.

ते पंधरा-सोळा मैल मी आयुष्यभर विसरलो नाही. मागच्या सीटवर ट्रंक आणि मी, आणि माझ्या पुढ्यात घामाने भिजलेली एक पाठ. समोरून बैलगाडी दिसली की ती पाठ लाकडासारखी ताठ व्हायची. नाल्यात उतरताना ते मोठ्याने सगळ्या देवांची नावं घेत, आणि ती संपली की गावातल्या म्हाताऱ्या माणसांची. मलाही भीती वाटत होती, नाल्याची, घड्याळाची, पेपराची. पण त्या दिवशी प्रथमच मावसाजींचे पाय जमिनीवर नव्हते. तीनदा ते थांबले, उतरून उकिडवे बसले, कव्हराच्या कडेवरून बोट फिरवून पाहिलं आणि ते बोट मला दाखवलं. कोरडं होतं.

नांदुऱ्याला पोचलो तेव्हा सिग्नल पडला होता. मावसाजी फाटकाच्या आत आले नाहीत. रेल्वेच्या इंजिनाला ते फार भीत. तिथूनच म्हणाले, "पेपरात जे बसत नसन त्याले दाबू नको. सोड, दुसरं लिही, मंग इचार त्याले." गाडीत मी शिदोरी उघडली. पुऱ्यांना इंजिनाच्या तेलाचा बारीक वास होता. मी सगळ्या खाल्ल्या.

दुसऱ्या वर्गात पास झालो. पेढे घेऊन मोताळ्याला गेलो, तेव्हा पोस्टमनची भीती न बाळगता मावसाजी दारातच उभे होते. ते मळ्यात गेल्यावर मावशीने मला पुढची गोष्ट सांगितली. त्या दिवशी ते परतले तेव्हा अंधार पडत होता. नांदुऱ्याला कापूस टाकून रिकाम्या येणाऱ्या बैलगाडीत त्यांनी मोटारसायकल दोरखंडाने बांधली होती आणि स्वतः तिचं हँडल धरून शेजारी बसले होते. टाकीत पेट्रोल होतं, कव्हर कोरडं होतं, गाडीत काहीही बिघडलं नव्हतं.

"मी इचारलं," मावशी म्हणाली, "जाताना चालवली, मंग येताना काय झालं होतं? त म्हणे, येताना मांगं पोरगं नव्हतं. एकट्याले भेव लागते."

मावसाजी आता नाहीत. डॉक्टरसाहेब शेवटपर्यंत आले नाहीत. माझ्या पदवीच्या कागदाच्या घडीत झाडूची एक अर्धी काडी आहे. त्या दिवशी ती माझ्या खिशात कशी आली, हे मला आठवत नाही.