प्रबंधातला बाप

मॉडबाई कीपिंग त्या सकाळी नुसत्या जळत होत्या. कारण काय, तर एक 'मी'!

जोलीन हाइन्स ही त्यांच्याच गावची, न्यूफाउंडलंडच्या त्याच खाडीतली पोर. तिच्या प्रबंधाचं पहिलंच वाक्य होतं, 'मी लहान असताना आजोबा मला होडीत घेऊन गेले.' मॉडबाई परीक्षक. त्यांनी सही केली नाही, तर सगळं पुन्हा लिहून काढायचं, डॉक्टरेट वर्षभर लांबणीवर. आणि सही करायची बाईंची मुळीच इच्छा नव्हती.

कशी असेल हो? तरुणपणी स्वतःच्या प्रबंधात त्यांनीही असंच लिहिलं होतं. चर्चचा मनोरा आणि काळा खडक एका रेषेत आले की होडी थांबवायची, खाली कॉड मासा हमखास. हे त्यांना बापाने शिकवलेलं. पण मार्गदर्शकांनी 'माझे वडील' या शब्दांवर लाल रेघ ओढली. "अहो मिस कीपिंग, हा प्रबंध आहे, घरचं पत्र नव्हे!" विद्वानांच्या जगात लिहिणाऱ्याला बाप नसतो म्हणे. बाईंनी मुकाट्याने लिहिलं, 'एका स्थानिक मच्छीमाराकडून असे समजते.'

बापाने, अँब्रोजने, तो जाडजूड ग्रंथ मांडीवर घेऊन कौतुकाने पानं उलटली. "यात मी कुठाय गं?"

बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"बरं," म्हातारा म्हणाला आणि चहा ओतायला उठला. पुढच्याच हिवाळ्यात तो गेला.

आणि आता या कार्टीला सगळं रान मोकळं! 'मी' काय, आजोबांचं नाव काय, फोटोसुद्धा! वर खुद्द आजोबा एलाय हाइन्स कडक इस्त्रीचा शर्ट घालून तोंडी परीक्षेला मागच्या खुर्चीत हजर. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मिस हाइन्स, हे संशोधन आहे की घरच्या गप्पा? आमच्या वेळी असलं कुणी खपवून घेतलं नसतं."

"ठाऊक आहे, मॅडम," जोलीन चाचरत म्हणाली. "तुमचा प्रबंध आहे आमच्या घरी. आजोबा वाचून म्हणाले, हा मच्छीमार म्हणजे आपला अँब्रोजच की! पोरीला बापाचं नाव लिहू दिलेलं दिसत नाही. म्हणून मी... चौथ्या प्रकरणातली शेवटची तळटीप वाचलीत?"

नव्हती वाचली. रागाच्या भरात तळटिपा कोण वाचतंय! बाईंनी पान काढलं. 'मनोरा आणि काळा खडक ही खूण अँब्रोज कीपिंग यांची. त्यांची मुलगी मॉड हिने ती प्रथम लिहून ठेवली.'

"बरोबर लिहिलंय ना गं, मॉड?" एलायने मागून विचारलं.

बाईंचे डोळे भरून आले. तरी पोटातली आग विझेना, उलट जास्तच भडकली. बापाचं नाव शेवटी प्रबंधात आलं, आणि लिहिलं कुणी, तर दुसऱ्याच्या पोरीने!

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. सही केली, आणि जोलीनकडे न बघताच खोलीबाहेर निघून गेल्या.