भोंगा ‘ऑफ’ होईपर्यंत
सोमवारी चित्रकथा आली, गुरुवारी भोंगा वाजला. जबाबदार तिघे: कारखान्याची ती सुरक्षा-चित्रकथा इंग्रजीत छापणारे, बिरवाडीत घरोघर वाटणारे आणि तिचा अर्थ सांगणारा मी. ब्लीचिंग पावडरचा वास आला की तो गुरुवार आठवतो. चित्रातला शिरस्त्राणवाला सांगत होता, ‘अलार्म गोज ऑफ’ झाला की घराबाहेर पडा. ऑफ म्हणजे बंद, असे मी वहिनींना ठासून सांगितले होते. गुरुवारी कारखान्यातून त्याच वासाचा वायू सुटला, भोंगा कोकलू लागला आणि मी उठताच वहिनी खोकत म्हणाल्या, “भावोजी, बसा गप. बंद खुटं झालाय अजून? तुम्हीच सांगितलंत नाय?” आम्ही बसलो. ‘गोज ऑफ’ म्हणजे वाजू लागणे, हे मला पुढे शब्दकोशात सापडले. वहिनींचा खोकला अद्याप थांबलेला नाही. माझा दोष मी येथे लिहून दिला आहे. मराठी दारांत इंग्रजी इशारा का टाकला, याचे उत्तर उरलेल्या दोघांनी जाहीरपणे द्यावे.