मूठभर सडाला नऊ गुण

फलटणहून निघताना बायकोने विचारलं, "तुम्ही दुधाच्या गाईंचे डॉक्टर, मांसाच्या गाई बघायला तुम्हाला कशाला बहरीनला बोलावलंय?" मी ऐटीत म्हणालो, "अगं, तज्ज्ञ आहे मी!" आज तो शब्द आठवला की कान तापतात.

माझा भाचा मंगेश तिथे अदलियात राहतो, इंजिनिअर आहे. त्याच्या ओळखीतल्या अबू सालेमांचा गोठा जिदहफ्स गावाच्या पलीकडे. चार वर्षांपूर्वी त्यांनी गाईंच्या कासेचे फोटो पाठवले होते आणि मी घरी बसून सडांना, म्हणजे आचळांना, एक ते नऊ गुण दिले होते. सडांचा आकार पुढच्या पिढीत उतरतो, म्हणून वळूची प्रत त्याच्या लेकींच्या कासेवरून ठरवतात. माझ्या गुणांमुळे एक तांबडा वळू पहिला आला आणि पुढची सगळी पैदास त्याचीच झाली.

सकाळी मंगेशच्या गाडीतून निघालो. जिदहफ्सच्या बाजारात त्याने गरम खुब्ज (भट्टीतली रोटी) घेतली. अर्धी मी रस्त्यातच फस्त केली. ऊन असं की गाडीची काच खाली करवेना. मग खजुराची झाडं लागली आणि भिंतीआड गोठा दिसला.

अबू सालेमांनी गहवा (वेलदोड्याची बिनदुधाची कॉफी) दिला आणि हिंदीत तक्रार सुरू केली. "डॉक्टर, वळू नंबर एक, तरी वासरं मरतात. हा हणमंता आळशी, चीक पाजत नाही. व्हिसा संपला की खलास, परत पाठवतो."

हणमंता जतचा, पन्नाशीचा गुराखी. मान खाली घालून उभा होता. आणि मी काय करावं? काही न बघताच मान डोलावली. वर उपदेशही केला, "पहिल्या काही तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे, हणमंतराव." काय पण शहाणा!

"व्हय सायेब," तो म्हणाला. "एक आत्ताच व्यायलीया. बघता का?"

वासरू धडपडत उठलं, कासेशी गेलं, तोंड उघडलं. सड एवढा जाड की त्याच्या तोंडात मावेना. घसरलं, पुन्हा गेलं, पुन्हा घसरलं. हणमंता गुडघ्यांवर बसून चीक बाटलीत पिळू लागला. "तांबड्याच्या समद्या लेकी अशाच. आठ-आठ वासरांना मी एकटा किती पुरणार?"

गुणांचा तक्ता फोनमध्ये होता, तो काढला. खाली सूचना होत्या, ज्या मी कधी वाचल्याच नव्हत्या. वाचायला मी काय नवशिका? आखूड, बारीक सडाला नऊ, जाडजूड सडाला एक. कारण या गाईंना कुणी पिळत नाही, वासरानेच प्यायचं. आमच्याकडे धार काढायला मूठ भरेल असा सड लागतो. जन्मभराच्या त्या सवयीने मी नेमक्या जाड सडांना नऊ दिले होते.

मंगेश कानात म्हणाला, "मामा, आत्ता राहू द्या. घरून ईमेल करा." सांगायला लाज वाटते, पण मला ते पटलं. गहव्याचा आणखी एक पेला मी गप्प बसून प्यायलो. समोर हणमंता बाटली धूत होता.

मग मात्र बोललो. "अबू सालेम, चूक माझी आहे. हणमंताची नाही. मी सडांना गुणच उलटे दिले."

त्यांनी तांबड्याला वेगळा बांधायला सांगितलं आणि हणमंताला म्हणाले, "तू कुठे जाणार नाहीस." दुपारी मछबूस (मसाल्याचा मांसभात) वाढला.

निघताना हणमंतापुढे हात जोडले. "तुम्हाला सगळं दिसत होतं. मालकांना बोलला का नाहीत?"

"सायेब, नऊ मार्क तुमी दिल्यालं," तो म्हणाला. "मला वाटलं, माजंच कायतरी चुकतंय."

घरी आलो. बायको हसत म्हणाली, "आले का तज्ज्ञ?" मी सरळ गोठ्यात गेलो आणि धारेला बसलो. सड नेहमीसारखा मुठीत भरला. ती मागोमाग आली होती, पण मान वर करून तिच्याकडे बघवेना.