दुसरा धागा

रविवारची नांदेड-लातूर बस म्हणजे कोचिंगला ठेवलेल्या पोरांच्या आईबापांची बस. ज्याच्या त्याच्या मांडीवर डबा. त्या दिवशी शेजारी एक म्हातारी येऊन बसली आणि गाडी सुटायच्या आत तिची चौकशी सुरू झाली.

"पाव्हणं, सासुरवाडी कोणती?"

"हदगाव."

मग मेहुणी कुठं दिली, तिच्या जावा कुठल्या, असं खोदत गेल्यावर माझ्या मेहुणीची जाऊ पुढच्या सीटवरच्या गृहस्थांची मावसबहीण निघाली. आम्ही दोघांनी हसत नमस्कार केला.

"लागलं की नातं!" मी म्हणालो.

"एकच लागलंय अजून," ती नाराजीनं म्हणाली आणि आमच्या आजोळांत शिरली. लोह्याच्या स्टँडपर्यंत दुसरंही सापडलं, तेव्हा कुठं तिनं अडकित्ता काढून सुपारी कातरली आणि मागच्या सीटकडं वळली. अहमदपूर येईस्तोवर अर्धी बस एकमेकांची पाव्हणी झाली होती.

"मावशी, एक नातं पुरत नाही का?" मी गमतीनं विचारलं.

अडकित्ता थांबला. "आमच्या गावात समदी नाती एका काकूवरून लागायची. भूकंपात काकू गेली. घरं सरकारनं बांधून दिली, पण कोण कुणाचं, हे सांगणारं कुणी राहिलं न्हाई. तवापासून मी दोन धाग्यांनी बांधून घेते."

लातूर आलं. ती पिशवी सावरत उतरायला लागली, तेव्हा माझ्या ध्यानात आलं, तिनं सगळ्यांना जोडलं होतं, पण तिला कुणीच काही विचारलं नव्हतं.

"मावशी, थांबा," मी डबा खाली ठेवला. "तुमचं माहेर कोणतं?"