वस्तादांच्या अंघोळीचं पाणी

मावसभाऊ चाकूरहून आमच्याकडे उदगीरला राहायला आला तो दुष्काळामुळे. त्यांच्या विहिरीचा तळ दिसू लागला होता. आल्या दिवसापासून आई माझ्या दुधातलं निम्मं त्याच्या पेल्यात ओतू लागली. हा पाहुणा मला महागात पडणार, हे मी तेव्हाच ओळखलं.

तालमीत मी जुना. ढाक, कलाजंग, धोबीपछाड, सगळे डाव पाठ. माझ्यामागे तोही येऊ लागला, तेव्हा त्याला धड लंगोटही बांधता येत नव्हता. पण त्या उन्हाळ्यात कुस्तीच्या हौद्यातली माती भिजवायला पाणी मिळेना आणि ती विटेसारखी कडक झाली. "माणसाला प्यायला न्हाई, मातीला कुठून आणू?" म्हणत वस्तादांनी कुस्त्या बंद केल्या. आता नुसतं एकमेकांच्या मानेवर हात ठेवून, डोळे मिटून उभं राहायचं आणि समोरच्याचा भार कोणत्या पायावर आहे ते सांगायचं. मला हा शुद्ध वेळकाढूपणा वाटायचा. मी काहीतरी ठोकून द्यायचो. तो मात्र बरोबर सांगायचा, आणि वस्ताद त्याची पाठ थोपटायचे. पूर्वी ती थाप माझ्या पाठीवर पडायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

लातूर जिल्हा नवा झाला होता. जिल्ह्याच्या पहिल्यावहिल्या कुस्त्यांना आमच्या वजनात तालमीतून एकच जण जाणार होता. वस्तादांनी आमची जोड लावली आणि त्या सकाळी स्वतःच्या अंघोळीचं पाणी मातीवर ओतलं.

सलामी झाली. मी ढाक लावायला गेलो, तो नुसता बाजूला सरकला. मी चिडून धोबीपछाडला घुसलो आणि माझाच जोर मला घेऊन खाली गेला. डोळे उघडले तर वर तालमीचे पत्रे दिसत होते.

"तुला डाव लई येतात," वस्ताद म्हणाले. "पण डाव कशानं लागतो ते न्हाई कळलं. समोरच्याचा भार हलला की लागतो. ह्याला ते कळालंय."

मावसभावाने मला उठवायला हात पुढे केला. मी नाइलाजाने धरला. त्याने ओढताच त्याचा सगळा भार डाव्या पायावर गेला, आणि तो मला स्पष्ट कळला. इतके दिवस जे कळलं नव्हतं ते कळलं, तेही त्याच्याच हातातून. त्याचा मला आणखीच राग आला.

लातूरच्या एसटीत तो बसला तेव्हा आईने त्याचा डबा माझ्याच हाती पाठवला होता. आत दुधात मळलेल्या दशम्या होत्या. त्या सकाळी माझा पेला रिकामा होता.