सिस्टरांचे कान

आमच्या दुकानासमोरच्या उतारावरून सिस्टर गाडीचं इंजिन बंद करून यायच्या. वरच्या वळणावरच किल्ली फिरवायची, गियर काढायचा आणि काळी मोटरसायकल तशीच घरंगळू द्यायची. मान जराशी कललेली, ओठ घट्ट मिटलेले. दुकानापाशी थांबल्या की उतरायच्या आधीच निदान सांगायच्या. "पुढच्या चाकाचं बेरिंग पाहा, शेठ. इंजिनाची बोंब बंद केल्याबिगर चाकाचं काई आयकू येत नाई." चाक खोलावं तर बेरिंग खरंच गेलेलं असायचं.

मानोऱ्याजवळच्या एका आरोग्य केंद्रात त्या नर्स होत्या. पन्नाशी ओलांडलेली, पदर कमरेला खोचलेला, पायात पुरुषी बूट. आसपासच्या तांड्यांवर त्या रोज मोटरसायकलनं फिरायच्या. बाईमाणसानं स्कुटी घ्यावी असं कुणी सुचवलं की म्हणायच्या, "स्कुटीचं चाक लहान. नाल्यात फसलं तर काढाले तू येशीन काय?" माझं टायरचं दुकान आणि चाकाची दुरुस्ती. वडिलांच्या पाठीमागे मीच गल्ल्यावर बसतो आणि मीच पानेही चालवतो. त्यामुळे त्यांच्या गाडीची नाडी माझ्या हातात होती, असं मी मोठ्या ऐटीत सांगायचो.

पेशंटला विचारावं तसं त्या गाडीला विचारायच्या. केव्हापासून? बसल्या बसल्या की चालताना? ब्रेक दाबला तर वाढते का? "बिमारी आधी कुजबुजते, मंग बोंबलते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवाळीनंतर तांड्यावरची माणसं ऊसतोडीला निघायची तेव्हा सिस्टर ट्रकापाशी उभ्या राहून एकेका गरोदर बाईच्या पोटाला नळी लावायच्या. एका वर्षी भरल्या ट्रकातून त्यांनी एकीला खाली उतरवलं. ठोके मंद वाटले म्हणे. मुकादम भांडला, नवरा भांडला. सिस्टरांनी तिला स्वतःच्या गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. तिची मुलगी आता रोज दप्तर घेऊन माझ्या दुकानासमोरून जाते.

दोन वर्षांपूर्वी, पोहरादेवीची यात्रा तोंडावर आली असताना, सिस्टरांनी दोन्ही टायर नवे टाकून घेतले. मातीच्या रस्त्याला धरतील असे, जाड नक्षीचे. चाकं मीच काढली, मीच बसवली. तिसऱ्या दिवशी त्या पुन्हा उतारावरून घरंगळत आल्या.

"शेठ, आवाज येऊन राह्यला."

"नव्या टायरचा आहे, सिस्टर. नक्षी जाड आहे न. घासली की बंद होते."

"तो गुणगुण करते तो टायरचा, मले समजते. डांबरीवर वाढते, मातीत कमी होते. त्याच्या खाली दुसरा आहे. टक करून. ब्रेक दाबला की, मागून. काल नव्हता, आज आहे."

दुकानात आठ-दहा गिऱ्हाइकं उभी होती. यात्रेसाठी जो तो गाडी नीट करून घ्यायला आलेला. मला वाकून बघायला दोन मिनिटं पुरली असती. मी वाकलो नाही. उलट सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "सिस्टर, टायर पोटुशी नाही. कायले नळी लावता त्याले?"

सगळे हसले. सिस्टरही हसल्या, पण थोड्या उशिरा. "तुमचा धंदा, तुमाले जास्त समजते," म्हणाल्या, आणि गाडी सुरू करून गेल्या.

त्याच संध्याकाळी दुकान आवरताना नटबोल्टच्या ताटलीत मला ती पिन सापडली. मागच्या चाकाचा नट सैल होऊ नये म्हणून त्यात आडवी घालतात ती. नवी कोरी पिन मी पुडीतून काढून ठेवली होती आणि घालायची विसरलो होतो. त्या आठवड्यात मागचं चाक मी एकच खोललं होतं. सिस्टरांचा नंबर भिंतीवर लिहिलेला होता. मी फोन हातातही घेतला. मग वाटलं, दुपारी सगळ्यांसमोर हसलो आणि आता काय सांगू? नट घट्ट आवळलेला आहे, लगेच काही सुटत नाही. उद्या येतीलच या रस्त्यानं, तेव्हा हळूच घालून देऊ.

उद्या त्या आल्या नाहीत. त्यांची ड्युटी यात्रेत लागली होती. माझ्या दुकानातही श्वास घ्यायला फुरसत नव्हती. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. फोनला फुरसत लागत नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पोहरादेवीच्या रस्त्यावर सिस्टर पडल्या. मागचं चाक तिरपं झालं, चेन उतरली आणि चाक जाम झालं. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. लोकांनी त्यांना दवाखान्यात नेलं आणि गाडी टेम्पोत घालून माझ्याकडे आणली. मागचा नट सैल पडलेला आणि पिनेचं भोक रिकामं होतं. दुकानात कुणी नाही असं बघून मी त्यात पिन घातली. कुणी विचारलं तर सांगितलं, "खड्ड्यात आदळली असन."

याहून वाईट मी आयुष्यात काही केलेलं नाही.

महिन्याभरानं त्या प्लास्टरातला हात गळ्यात अडकवून दुकानात आल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माहंच चुकलं, शेठ. तुमी सांगितलं होतं काई नाई म्हणून. मी त्या आवाजाच्या नादी लागली, अन् रस्त्यावर ध्यान राह्यलं नाई. म्हातारे झाले माहे कान." मी त्यांना चहा पाजला. फक्त चहा पाजला.

मनगट जुळलं, पण मूठ पक्की वळेना. मोटरसायकल विकली. पुढे एकदा आईला दाखवायला मी आरोग्य केंद्रात गेलो होतो. सिस्टरांनी एका बाईच्या पोटाला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि नव्या सिस्टरला हाक मारली. "तू मशीन लावून पाह्य वं. माह्या कानाचा भरवसा नाई." चार वर्षं नोकरी बाकी असताना त्यांनी राजीनामा दिल्याचं कळलं, तेव्हा मला ते वाक्य आठवलं.

त्या अकोल्याला मुलीकडे निघाल्या त्या सकाळी मी त्यांच्या क्वार्टरवर गेलो. टेम्पोत सामान भरणं चाललं होतं. मी सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही.

"कदी समजलं तुमाले?" त्यांनी विचारलं.

"तुमी आल्या होत्या, त्याच सांजीले."

"मंजे मी पडाच्या दोन रोज आधी."

"हो."

गुंडाळलेल्या गादीवर त्या बसल्या. डाव्या हातानं उजवं मनगट चोळत राहिल्या. "पोरीनं मले कानाच्या डाक्टरकडे नेलं होतं," त्या म्हणाल्या. "त्यानं तपासलं. म्हणे, कान चांगले आहेत. म्या त्यालेच म्हटलं, नाई डाक्टरसाहेब, तुमचं चुकून राह्यलं."

"सिस्टर, मले माफ…"

"नोका म्हणू. मले नाई जमणार ते." त्या उठल्या. "एक करा. दवाखान्यात जा अन् हे सगळ्याइले सांगा. त्याइच्यापुढं म्या माह्या कानाले नावं ठेवलीत."

टेम्पो गेला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

मी तसाच आरोग्य केंद्रात गेलो. तपासणीचा दिवस होता, तांड्यावरच्या बाया ओळीनं भिंतीला टेकून बसल्या होत्या. नव्या सिस्टरच्या टेबलापाशी उभा राहून मी बोलायला लागलो. पिन, फोन, सारं. नव्या सिस्टर म्हणाल्या, जरा जोरात सांगा, मागच्यांना ऐकू येत नाही. मी जोरात सांगितलं. मग ओळीतल्या एका म्हातारीनं, सुनेच्या पोटावर हात ठेवून, मला सरळच विचारलं,

"कानात काई खोट नव्हती, तं मंग बाई गेल्या काहून?"