सवत कॉटखाली राहायची

नव्वदच्या दशकात आम्ही रोह्याला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो, तेव्हा माझी एक सवत कॉटखाली राहायची. पांढरी, लांब कानांची.

आमचे हे धाटावला कंपनीत शिफ्टला जायचे. तिथल्या कुणा साहेबाची बदली झाली. त्यानं सामान नेलं आणि पाळलेली सशीण पिंजऱ्यासकट मागे टाकली. कुत्री पिंजऱ्याला लागलेली बघून ह्यांनी तिला डब्याच्या पिशवीतून घरी आणलं. पिशवी उघडताच ती जी कॉटखालच्या पत्र्याच्या पेटीमागे शिरली, ती शिरलीच.

राहू दे बापडी, असं मलाही वाटलं. पण संध्याकाळी हे जमिनीवर पोटावर पसरले, कोथिंबिरीची काडी पुढे केली आणि म्हणाले, "ये गो बाय माझी. घाबरू नको. कोण नाय तुला काय करत."

माझा भाकरी थापणारा हात थांबला. हा आवाज माझ्या ओळखीचाच नव्हता. माझ्या वाट्याला "पाणी दे" आणि "डबा भरलास?" एवढंच. इतकी वर्षं हा लोण्यासारखा आवाज ह्या गृहस्थानं कुठे दडवला होता? आणि ती सटवी त्या आवाजावर नाक हलवत बाहेर येऊन ह्यांच्या हातून खायलाही लागली. मी नुसती वाकले तरी पळायची.

शेजारीण टपलेलीच. "सवत आणलीन गो तुझ्या नवऱ्यानं! तुला भरवलीन काय कधी कोथिंबीर?"

"मला नको कोथिंबीर," मी फणकारले. हवी होती, अगदी देठासकट हवी होती.

मग मी ठरवलं, बाईसाहेबांना आपल्याकडे फितवायचं, म्हणजे हे बसतील हात चोळत. एका दुपारी ह्यांचा कंपनीचा शर्ट साडीवर चढवला, वासाला तरी भुलेल म्हणून. पोटावर पडले, मुंडी कॉटखाली घातली आणि आवाज जाड करून म्हटलं, "ये गो बाय माझी."

आतून धप्पकन पाय आपटल्याचा आवाज आला. मागून शेजारणीचा, "अगो, काय हरवलं तुझं?"

अक्कल हरवली होती, दुसरं काय!

गणपती जवळ आले. माझं माहेर हमरापूरचं, मूर्तिकारांचं. दर साली भाऊ रंगवलेल्या छोट्या मूर्ती टेंपोतून आणून टाकायचा, त्यांचे डोळे तेवढे मी आखायचे. आखताना श्वास रोखायचा, अंग हलवायचं नाही, तोंड मिटलेलं, हे आईनं पाठीत धपाटे घालून शिकवलेलं. कॉटकडे पाठ करून मी कामाला बसले आणि सवतीला पार विसरले. एका मूर्तीचा एक डोळा झाला, दुसऱ्याला ब्रश टेकवला, तोच मांडीवर काहीतरी उबदार चढलं. तिनं माझा पदर हुंगला आणि पाय ताणून पसरली. मी ब्रश हवेत धरून तशीच. बाप्पा एका डोळ्यानं बघतायत.

तेवढ्यात हे आले, हातात कोथिंबिरीची जुडी. बघतच राहिले. "ये गो बाय," म्हणाले. बायचा कान हलला, बाय हलली नाही. ह्यांचं तोंड असं उतरलं की काय सांगू! ते तोंड मी चांगलं ओळखलं. इतके दिवस आरशात तेच बघत होते.

मग हे चपला काढून, पाय न वाजवता माझ्याशेजारी येऊन बसले. "काय केलंस गो तिला?" ती दचकू नये म्हणून कुजबुजत विचारलं. तोच आवाज. लोण्यासारखा. आणि चक्क मला.

"काय नाय," मीही कुजबुजले. "हळू बोला. उठेल ती."

मला उठता येईना, म्हणून चहा ह्यांनी केला. नागोठण्याला रस्त्यावर पाणी आलेलं, कंपनीत कोण कोणाशी भांडला, सगळं हळू आवाजात माझ्या कानाशी सांगत बसले.

पुढे ती इतकी निर्ढावली की जवळ कढई पडली तरी कान हलवायची नाही. हे मी ह्यांना कधी कळू दिलं नाही. ह्यांची चाहूल लागली की मी तिला मांडीवर ओढायचे आणि ओठांवर बोट ठेवायचे.